डब्यातलं बियाणं

बाबा, तुम्ही गेल्यावरही तुमचा बियाण्याचा पत्र्याचा डबा अजून माझ्याकडे आहे. डावा कोपरा दाबल्याशिवाय झाकण बसत नाही, तोच. त्यात माझ्या इडोच्या चिठ्ठ्या आहेत. सगळ्या देशांच्या माणसांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून ठरवून घडवलेली ही भाषा. शहापूरच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका इंग्रजी पुस्तकावरून मी ती शिकलो, कुणाच्या शिकवणीशिवाय. क्रियापदाच्या शेवटी चालू काळी 'अस', झालेल्याला 'इस', होणाऱ्याला 'ओस'. प्रत्येक शब्दाची एक चिठ्ठी, मागे तो कुठल्या भाषांतून आला ते.

उंदीर चिठ्ठ्या कुरतडायचे, म्हणून मी तुमचे बियाण्याचे दोन डबे बघितले आणि एक रिकामा करायला त्यातलं भात दुसऱ्यात ओतलं. एक आईच्या माहेरचं, मुरबाडकडचं. दुसरं सापगावच्या आत्याकडचं. मला दोन्ही भातच दिसलं. सकाळी तुम्ही पडवीत सूप घेऊन बसलेले, एकेक दाणा उजेडाकडे धरून वेगळा करताय. आई आतून म्हणाली, "राहू द्या ना, कांडून खाऊ. दुसरं आणू."

"दुसरं कुठलं गो? तुझ्या माहेरी आता भात कोन लावतो?"

मी खांबाला टेकून पुस्तक वाचत होतो. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "तुझ्या त्या भाषेत भाताला काय म्हनतात रे?"

"रिझो."

"कुनाकडून आला?"

मी खुशीत म्हणालो, "इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, इटालियन, रशियन. पाच."

"पाच घरचं तुला म्हाईत. नि माझी दोनच होती, ती मिसळलीस."

तीन दिवस तुम्ही निवडत होता. मी एकदाही शेजारी बसलो नाही. 'पार्डोनार' म्हणजे क्षमा करणं. त्याची सगळी रूपं तेव्हाही मला पाठ होती. मराठीतला एक शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. आता फोनवर दूरदेशीचे दोघंतिघं या भाषेत लिहितात, पण मोठ्याने बोलायला इथे खर्डीत कोण येणार? नवी चिठ्ठी लिहिली की भिंतीला वाचून दाखवतो. या भाषेतला शब्द मला आपणहून विचारणारं माणूस आयुष्यात एकच भेटलं.

हे पत्र चिठ्ठ्यांच्या खालीच ठेवणार आहे. त्यासाठी आज डबा रिकामा केला, तर तळाच्या सांध्यात अडकलेले चार दाणे निघाले. तळहातावर घेऊन पडवीत गेलो, तुमच्यासारखे उजेडाकडे धरले. बराच वेळ धरले. मुरबाडचे की सापगावचे, मला सांगता येत नाही, बाबा.