वन्सं, घरं मात्र दोन

६ मार्च, रविवार सकाळ

ती. वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? गोळी जेवणानंतरच घेताय ना? मी मजेत आहे. पत्रात लिहायचं म्हणून लिहितात तशी नव्हे, खरोखर मजेत.

आधी घराचं सांगते. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, जिना इतका अरुंद की ट्रंक उभी करून वर चढवावी लागली. खिडकी उघडली की समोर धक्का, आणि धक्क्याला अकरा होड्या. खाऱ्या वाऱ्यानं कड्या, बिजागऱ्या सगळं गंजतं. माझ्या कात्रीलाही रोज तेल लावते. दुपारी इतकी शांतता की खालचे म्हातारे गृहस्थ पेपराचं पान उलटतात तेही ऐकू येतं. भाडं आपल्या जुन्या घराच्या निम्मं. नकाशावर परदेशातल्या या बंदरावर बोट ठेवून तुम्ही म्हणाला होतात, इथं पेन्शनीत राणीसारखं राहता येईल. अगदी तसंच आहे.

आणि मला काम मिळालंय. शिडं शिवायचं! हसू नका. धक्क्यावर शिडवाल्याचं दुकान आहे. इथं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिथून जात होते, तर आतल्या मशीनचा आवाज ऐकून पाय थबकले. हॉस्पिटलच्या शिवणखोलीत सत्तावीस वर्षं चादरी आणि गाऊन शिवले, दोरा गुंतल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. बोलावणं नसताना आत शिरले, बॉबिन काढली, पुन्हा नीट भरली, ताण सैल केला. मशीन सुरळीत चालू लागलं. शिडवाल्यानं स्टूल पुढे सरकवलं. आता आठवड्यातून तीन सकाळी जाते. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. टाचण्या, हात आणि मान एवढ्यावर आमचं भागतं.

गेल्या महिन्यात एका कोळ्याचं शीड मधोमध फाटून आलं. शिडवाल्यानं हातानंच खुणावलं, टाकून द्या. मी हट्टानं ठिगळ लावलं, चारी बाजूंनी दुहेरी शिवण घातली. कोळी इतका खूश झाला की मला होडीत बसवूनच नेलं. मला, जी तळ्यातल्या होडीलाही घाबरायची. वारा भरला तसं शीड ताठ झालं, आणि माझं ठिगळ जागचं हललं नाही. दोनदा ओकले, ते वेगळं. पण वन्सं, त्यानंतर मी इतकी मोठ्यानं हसले की कोळी वळून बघायला लागला. कुणी बघतंय का, हे न बघता मी कधी हसले होते, आठवत नाही.

घरी आले तर दाराखालून तुमचं पत्र आलेलं.

त्याला आज नऊ दिवस झाले. तुम्ही लिहिलंत, "परक्या मुलुखाची भीती गेली. तिकिटाचं बघते. दोघी पूर्वीसारख्या राहू." उत्तर चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं. चारही पत्रांत नुसती हवा-पाण्याची माहिती होती. हेही त्याच वाटेनं चाललं होतं, म्हणून आता सरळ लिहिते.

निघायच्या दिवशी तुम्ही ट्रंकेवर बसलात आणि म्हणालात, "माझ्याच्यानं होत नाही गं. तू हो पुढे." मी "बरं" म्हटलं. का, ते विचारलं नाही. एकदाही "चला ना" म्हटलं नाही. इथं यायचं तुमच्या मनात होतं, वर्षभर अर्ज तुम्ही भरलेत, शिक्के तुम्ही आणलेत. आणि टॅक्सीत बसल्यावर मला रडू यायला हवं होतं, तर आनंद झाला. हे खोटं नाही.

तुमचे भाऊ गेले त्या आठवड्यात तुम्ही मला म्हणालात, "हे घर तुझंच आहे." एकोणीस वर्षांत तुम्ही तो शब्द कधी मोडला नाहीत. पण भाजी कोणती, दिवे कधी मालवायचे, रेडिओवर काय ऐकायचं, सगळं तुम्ही ठरवायचात, तेही मायेनं. त्याआधी सासूबाई ठरवायच्या, त्याआधी आई. इथं पहिल्या दिवशी घरमालकिणीनं खुणेनं विचारलं, चहात साखर किती? मला सांगता येईना. एकोणसाठ वर्षांची बाई, आणि स्वतःच्या चहाची साखर ठाऊक नाही. पुढचे चार दिवस मी वेगवेगळ्या साखरेचा चहा करून पाहिला. दीड चमचा लागते मला.

तर वन्सं, पूर्वीसारख्या आता नाही राहता यायचं. ही खोली मला एकटीला हवी आहे.

पण तुम्ही याच. समोरच्या गल्लीत तळमजल्यावर घर रिकामं आहे, माझ्या दारापासून मोजून चाळीस पावलं. एकही पायरी नाही, तेव्हा गुडघ्याची काळजी नको. मागच्या दारातून पाणी दिसतं. तेही माझ्या घरमालकिणीचंच; तिला खुणांनी सांगून महिनाअखेरपर्यंत धरून ठेवलंय. काल जाऊन झाडून आले, खिडकी घट्ट बसली होती ती मोकळी केली. पडदे मी शिवते, रंग तुम्ही सांगा. तुमची चूल तिथं, माझी इथं. रोज संध्याकाळी धक्क्यावर भेटू, भांडू, आणि आपापल्या घरी जाऊ.

राग येईल. येऊ द्या, तो तुमचा हक्क आहे. अगदी नाही यायचं ठरवलंत तर तेही कळवा, पण दुसऱ्या कुणाकडून निरोप नको. तुमच्या अक्षरात दोन ओळी हव्यात. तुमच्याविना मला करमतं, हे मी लपवलं नाही. आता दुसरं खरंही लिहिते: तुम्ही आलात तर याहून जास्त करमेल.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून, पण स्वतःच्या दारात उभी असलेली,

तुमची भावजय