तन्नूसांची भट्टी जुमानालाच

मी, वर्दे, कै. नखले तन्नूस यांची पत्नी, वय सत्तर, राहणार झाहले, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचाही दाब नाही आणि आज सकाळपासून मी दारूचा थेंबही घेतलेला नाही. हा शेवटचा खुलासा खास माझे थोरले दीर मिलहेम यांच्यासाठी. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही आणि यापुढे बदलणारही नाही.

१. राहते घर, मागचा द्राक्षांचा मांडव आणि बँकेत असेल ते माझी एकुलती एक मुलगी जुमाना हिला. यावर कोणाचा वाद नाही.

२. वाद आहे तो अरक, म्हणजे आमची द्राक्षांची बडीशेप घातलेली दारू, गाळायच्या तांब्याच्या भट्टीवर. ती सासऱ्यांकडून नखलेकडे आली आणि नखलेने जाण्यापूर्वी कागद करून माझ्या नावे केली. तरी अठरा वर्षे, द्राक्षे उतरली की, भावोजी दारात उभे राहून मला ऐकवतात, "वर्दे, तन्नूसांची भट्टी बापाकडून मुलाकडे जाते. मुलगा नसला तर भावाकडे. तुझ्यामागं मी ती उचलून नेणार." मी असताना उचलायची त्यांची छाती झाली नाही. मी नसतानाही होऊ नये म्हणून लिहिते: भट्टी, तिचे झाकण, नळी आणि लाकडी तिवई, सगळे जुमानाचे.

३. भावोजींचे म्हणणे, जुमाना अरकात नाही नाही ते मिसळून तो बाटवते. बाटवायला मी शिकवले, तेव्हा दोष माझ्या नावावर लिहावा. १९७२ च्या जुलैत तिचा बाप्तिस्मा होता. अंगणात चाळीस पाहुणे, आणि पाण्याची गाडी आलीच नाही. आधी अरक, मग पाणी, शेवटी बर्फ, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाण्याआधी बर्फ पडला की अरकावर साय धरते. माझ्याजवळ पाणी नव्हते, बर्फाची लादी होती. मी अरक थेट बर्फावर ओतला. साय धरली. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मी ते सगळे मुरंब्याच्या बरणीत घातले, वर तुतीचे सरबत आणि कच्च्या द्राक्षांचा आंबट रस ओतला, झाकण लावले आणि दंड भरून येईतो हलवले. साय मोडून गुलाबी फेस आला. भावोजींनी एक घोट घेतला आणि ग्लास जमिनीवर ठेवला. "हे काय बायकांचं सरबत! बापाच्या अरकाची माती केलीस!" नखले म्हणाला, "मला आणखी एक दे गं." माझा नवरा फार बोलका नव्हता, पण त्या एका वाक्यावर मी त्याच्याशी पुढची चोवीस वर्षे संसार केला.

त्या दिवसापासून भावोजी माझ्या हातचे काही पीत नाहीत. मीही थांबले नाही.

४. माझी वही जुमानाला. तीत माझी स्वतःची तेवीस कॉकटेल्स आहेत, सगळी याच स्वयंपाकघरात जमवलेली. पहिल्याचे नाव 'पाणी आलं नाही'. अकरावे 'मिलहेमची मिशी': कडू संत्र्याची साल, डाळिंबाचा घट्ट पाक, थोडे गुलाबपाणी, कडू लागते, फेस ओठाला चिकटून बसतो. नाव बदलू नये. चौदावे ओव्याच्या पानांचे, ते पिऊन तिघांना ओकारी झाली. तेही पान फाडू नये. जुमाना, फसलेले लिहून ठेवत नाही त्याला नवे सुचत नाही.

५. नदीकाठचा जो हॉटेलवाला माझे पहिले पेय स्वतःचे म्हणून खपवतो त्याला काहीही नाही. तो बाटलीतले विकतचे सरबत घालतो. एका घोटात कळते.

६. मी गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला आलेल्यांना बरणीतलेच द्यावे. ज्याला लाज वाटेल त्याने कडू कॉफी पिऊन घरी जावे.

७. मरणाची मला भीती नाही. भीती जुमानाची आहे. बेचाळीस वर्षांची झाली, पण काकांनी आवाज चढवला की हातातली बरणी खाली ठेवते. पोरी, मी नसताना ती खाली ठेवू नकोस. एवढे एकच मागते.

८. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. म्हणून मी भावोजींनाच साक्षीला बोलावले आहे. सही केली तर भट्टीवर हक्क सांगायला त्यांना तोंड उरणार नाही. न करता उठून गेले तर का गेले ते मी गावभर सांगेन, अजून जिवंत आहे. हे कलम लिहिते आहे तेव्हा ते समोर बसून चष्मा पुसत आहेत.

ठिकाण: झाहले. दिनांक: ९ ऑक्टोबर २०१४.

सही: वर्दे तन्नूस

साक्षीदार पहिली: अफीफे हद्दाद, शेजारीण. वर्देने माझ्यासमोर, शुद्धीवर असताना सही केली.

साक्षीदार दुसरा: मी, मिलहेम तन्नूस, वय सत्याहत्तर, वरील सर्व दोनदा वाचले. मला पटलेले नाही. सही केली आहे. भट्टीच्या नळीला बुडाशी भेग आहे, डाख लावल्याशिवाय जाळ करू नये. पोरीला ते एकटीला जमणार नाही. शनिवारी सकाळी अवजारे घेऊन येतो.