रेडिओवर राहून गेलेलं नाव

लेस्टर,
३ सप्टेंबर १९९५

ती. मर्लताईस,
प्रभूच्या नावाने सलाम, वि. वि.

मी आणि ग्लेनिस इथे विलायतेत खुशाल आहोत. तू, आपली मावशी टांटी फिलोमिन आणि तुमच्या भांडखोर कोंबड्या तिकडे ग्रेनाडात मजेत असाल. मावशीच्या गुडघ्यांना जायफळाचं तेल चोळतेस ना? इथल्या डॉक्टरांनी हसून घेतलं, पण आईचा त्या तेलावर बायबलच्या खालोखाल विश्वास होता.

नोव्हेंबरात आईला जाऊन वर्ष होईल. ग्लेनिसचं म्हणणं, तिकडच्या रेडिओवर स्मरणाची घोषणा झालीच पाहिजे, नाहीतर सगळं गुयाव गाव म्हणेल की विलायतेतली पोरं आईला विसरली. मजकूर तूच लिही आणि स्टेशनवर नेऊन दे.

परवा आईच्या जुन्या वॉर्डातल्या नर्सबायकांनी तिच्या आठवणीसाठी चहा ठेवला होता. हसून हसून पोटं दुखली. कुणी डॉक्टर पेशंटवर खेकसला की आई म्हणे त्याला व्हरांड्यात गाठायची, चेहरा बरा दिसत नाही म्हणून नाडी बघायला मनगट धरायची, आणि अख्खं स्तोत्र म्हणून होईपर्यंत सोडायची नाही. एका डॉक्टरसाहेबांची अशी अकरा स्तोत्रं पाठ झाली, आणि ते देव मानत नाहीत!

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
अल्बन


गुयाव,
१९ सप्टेंबर १९९५

चि. अल्बन यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. टांटीचे गुडघे बरे आहेत, जीभ त्याहून बरी आहे. घोषणा मात्र मी लिहिणार नाही.

का ते ऐक. गेल्या वर्षी आई गेली तेव्हा फोनवरून घोषणेचा मजकूर तूच मला सांगितलास. मागे राहिलेली मुलं, अल्बन आणि ग्लेनिस. मग भाचे, धर्मलेकरं, चर्चचे गायक, मेट्रनबाई, इतकंच काय, तुमचा दूधवालासुद्धा. सव्वीस नावं झाली. माझं कधी येतं म्हणून मी पेन्सिल धरून बसले, तर तू म्हणालास झालं, आणि फोन ठेवलास. आता स्वतःचं नाव स्वतःच घुसडायचं? आमंत्रणाशिवाय पानावर बसायची माझी रीत नाही. तोच कागद मी बसने जाऊन स्टेशनवर देऊन आले.

आमच्याकडे सकाळच्या घोषणा लागल्या की लोक तोंडातला घास थांबवून नावं ऐकतात. कोण आलं यापेक्षा कोण गाळलं याकडे कान जास्त. शेजारची मिस आयोना मासे विकायचे टाकून सांत्वनाला आली आणि विचारू लागली, की बाई, तू एथेलिनची लेक नव्हेस, तर नाताळला विलायतेहून तिचं सामानाचं पिंप यायचं त्यातून आलीस की काय? टांटीने तिला झाडू दाखवला. मीही हसले. पण खरं सांगते अल्बन, ते मला फार लागलं.

मला वाटलं, आईनेच तुला तसं सांगून ठेवलं असेल. ती नर्सिंग शिकायला विलायतेला गेली तेव्हा मी चार वर्षांची. अकराव्या वर्षी तिने बोटीचं तिकीट पाठवलं, तर टांटीला सोडायचं नाही म्हणून मी परसातल्या नीरफणसावर चढून बसले. खाली पाद्री, हवालदार आणि निम्मं गाव. पाद्रीबाबांनी बायबलातल्या जक्कयाचा दाखला दिला, की प्रभूने हाक मारल्यावर तो कसा झटकन झाडावरून उतरला. मी वरून सांगितलं, की प्रभू आले तर बघू. बोटीचा भोंगा वाजून गेला तेव्हाच उतरले.

पुढे आई सुटीवर आली, अख्ख्या आळीचं ब्लडप्रेशर तपासलं, पाद्रीबाबांचंही सोडलं नाही, पण त्या झाडाबद्दल माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. तिने मला लेकीतून वजा केलं होतं का, एवढं खरं खरं कळव. मग घोषणेचं बघू.

मर्ल


लेस्टर,
२ ऑक्टोबर १९९५

ती. मर्लताईस, कान धरून सलाम.

अगं, मी गाढव आहे! थोरलीचं नाव ती स्वतः सगळ्यात वर लिहीलच, ते मी काय सांगायचं, असं समजून मी थेट आमच्यापासून सुरुवात केली. ग्लेनिसने पत्र वाचलं आणि मला उभं आडवं झापलं.

तुला वजा करणार? अगं, तुझ्यामुळे आम्ही कधी गरम जेवलो नाही! जेवणाआधीच्या प्रार्थनेत पहिलं नाव तुझं. मर्लचे दात, मर्लचा खोकला, मर्लची परीक्षा. तोवर बटाटे थंडगार. सहा वर्षांचा असताना मी देवाला मोठ्याने विनवलं, की या मर्लला एकदाचं ठणठणीत कर, म्हणजे आम्हाला जेवता येईल. आईने आधी पाठीत धपाटा घातला, मग आमेन म्हटलं.

आणि ते झाड! चर्चच्या प्रत्येक जेवणावळीत आई रविवारची टोपी घालून खुर्चीवर चढायची आणि तुझी नक्कल करून दाखवायची. माझ्या पोरीने पाद्री आणि हवालदार दोघांना हरवलं, असं म्हणत डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. गेल्या महिन्यातल्या त्या चहाला म्हाताऱ्या मेट्रनबाईंनी मला पहिला प्रश्न केला, की ती झाडावरची कशी आहे? मी हसण्यावारी नेलं.

तुझ्याशी का बोलली नाही, ते तिने एकदाच ग्लेनिसला सांगितलं. म्हणाली, मी पोरीला सोडून आले, पोरीने मावशीला सोडलं नाही. कुठल्या तोंडाने विषय काढू?

लिही ना ताई. तुझ्या मायेला अजून पात्र आहे असं समजतो.
गाढव,
अल्बन


गुयाव,
१४ नोव्हेंबर १९९५

चि. अल्बन आणि ग्लेनिस यांस अनेक आशीर्वाद.

घोषणा झाली. गेल्या आठवड्यात मी टोपी घालून स्टेशनवर गेले. टेबलाशी एक चुणचुणीत मुलगी होती. तिने मान वर न करता विचारलं, की मयत बाईंची आपण कोण? मी म्हटलं, लेक. थोरली. तिने ते लिहून घेतलं. म्हटलं, हिला नीट ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा आतून साहेब बाहेर आले आणि म्हणाले, की बाई, समजलं, रस्त्यावरही समजलं.

आज सकाळी सिस्टर एथेलिनची मुलं म्हणून मर्ल, अल्बन, ग्लेनिस अशी ओळीने नावं आली. तुझा दूधवालाही आहे, काळजी नको. मिस आयोना खवल्यांच्या हातांनी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. माझ्या चांगल्या झग्याचं वाटोळं झालं.

मग परसात बसून मी खूप रडले. आईला जाऊन वर्ष झालं, आणि रडले ते आज. गेल्या वर्षी मला तो हक्क आहे की नाही, हेच ठरत नव्हतं.

दोघं जेवताना एकमेकांची चौकशी करत जा, आणि माझीही.

एथेलिनची थोरली,
मर्ल