बिनडोळ्यांच्या पलटणीची वाटणी

मी, खाली सही करणार, वय वर्षे सव्वीस, शिक्षण नववी (दहावीच्या वर्गात बसलो होतो, पण खिडकीकडे तोंड करून), धंदा कथलाचे शिपाई रंगवणे, राहणार मामाच्या दुकानाच्या पडद्यामागे, हा कागद स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. पाय कधीच ठिकाणावर नसतात, पण कायदा पायांची चौकशी करत नाही, असे दस्तलेखक म्हणाले. मला कोणी धाक घातलेला नाही, मी प्यायलेलो नाही आणि आजारीही नाही.

मग या वयात मृत्युपत्र कशाला? तर एका मालवाहू जहाजावर रंगारी म्हणून माझे जमले आहे. कंपनीच्या अर्जात सतरावा रकाना असा: ‘मृत्युपत्र केले असल्यास प्रत जोडावी.’ आधीचे सोळा रकाने मी चहा उकळेपर्यंत भरले. ‘असल्यास’ म्हणजे नसले तरी चालते, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत निम्मा कागद लिहून झाला होता, आणि थांबावेसे वाटेना. अर्ज बुधवारी द्यायचा आहे. आज शनिवार. जहाजावरचा ब्रश वीतभर रुंद असतो म्हणे. मी सहा वर्षे तीन केसांच्या कुंचल्याने काम करतोय. ते असो.

एका शब्दाचा खुलासा आधीच करतो. या कागदात मी जागोजागी ‘मी गेल्यावर’ असे लिहिले आहे. दस्तलेखकांनी ते लाल शाईने खोडून ‘माझ्या मृत्यूनंतर’ केले. मी पुन्हा ‘मी गेल्यावर’ केले.

ते म्हणाले, “अरे, गेल्यावर म्हणजे मेल्यावरच ना?”

“किंवा निघून गेल्यावर.”

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. “निघून जाणाऱ्याचं मृत्युपत्र होत नाही बाबा. त्यानं चिठ्ठी लिहायची असते.”

तरी शब्द ठेवला आहे. ज्याने त्याने आपल्या सोयीचा अर्थ घ्यावा.

कलम १. जागा. ही माझी नाही, पण हिचा ताबा सहा वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून लिहितो. सहा फूट लांब, चार फूट रुंद, एक झरोका, त्यातून समोरच्या इमारतीचा पाण्याचा पाइप दिसतो. एक टेबल, एक भिंग, एक दिवा. मी इथे आठ दिवसांसाठी आलो होतो. त्याआधी मिठागरावर होतो, त्याआधी ट्रकवर क्लीनर, त्याआधी तंबूत चालणाऱ्या जादूगाराचे बोर्ड रंगवत होतो. एका जागी माझा पाय दोन महिन्यांच्या वर टिकला नाही. मामी म्हणाली, “आलायस तर जेवून जा.” जेवलो. संध्याकाळी मामा मला आत घेऊन गेला आणि त्याने उजवा हात टेबलावर ठेवला. हात टेबलावर टकटक वाजत होता. “हे थांबत नाही,” तो म्हणाला. डॉक्टरांच्या मते ते वयाचे आहे, मामीच्या मते चाळीस वर्षे कुंचल्याचे टोक जिभेवर ओले केल्याचे फळ आहे. मामा एवढेच म्हणाला, “ही एक ऑर्डर संपवून दे.”

ती ऑर्डर अजून संपायची आहे. मी गेल्यावर ही जागा मामीने शिलाई मशीनसाठी घ्यावी. झरोका मोठा करावा.

कलम २. लोकरीचा गुंडा. हा कप्तानांना परत द्यावा. कप्तान म्हणजे आमचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. वजन-मापे तपासण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. बंदूक त्यांनी हातातसुद्धा धरलेली नाही, पण घरी खोलीभर टेबल आहे आणि त्यावर दीडशे वर्षांपूर्वीच्या लढाया मांडलेल्या असतात. आमचे दुकान मामाच्या हातावर चालते, असे कप्तान आणि बाकीचे सगळे समजतात. प्रत्येक शिपायाच्या बुडाला मोहरीएवढी मामाची सही असते. गिऱ्हाइके शिपाई उचलतात, उलटा करतात आणि मग पैसे काढतात. सहा वर्षे ती सही मी करतोय. मामा पुढे कोरडा कुंचला धरून बसतो, उजवा हात मांडीखाली दाबून. मी पडद्याआड. कोणी दुकानात असेपर्यंत खोकायचे नाही, खुर्ची सरकवायची नाही, शिंक आली तर नाक दाबून गिळायची.

पहिल्याच वर्षी एक शिंक सुटली. मामा चटकन म्हणाला, “मांजर आहे.” पुढच्या खेपेला कप्तानांनी मांजराला खेळायला हा गुंडा आणला. तेव्हापासून मामेबहीण मला मांजरच म्हणते. “मांजर जेवलं का गं आई?” मी रागावलो की म्हणते, “अग्गो बाई, बोललं.” गुंडा निळा आहे, जसा आणला तसाच आहे.

कलम ३. कुंचले, एकूण नऊ. यातला सगळ्यात बारीक, तीन केसांचा, मामेबहिणीला. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. फ्रेमचे स्क्रू पुसायला होईल. तिने मला भिंग आणून दिले नसते, तर माझेच डोळे आतापर्यंत गेले असते. ते भिंग तिला परत. ती म्हणेल, “मोठा दानशूर, माझंच मला देतोय.” म्हणू दे.

कलम ४. खोडले आहे. मामीबद्दल होते. तिच्याने ते वाचवणार नाही.

कलम ५. बिनडोळ्यांची पलटण. हे जरा सविस्तर, कारण माझा एकमेव राग याच्यात आहे.

कप्तानांची ऑर्डर म्हणजे वेढा. जुन्या साहसकथांच्या पुस्तकात असतो तसा: मातीचा किल्ला, आत लाल कोटातले गोरे एकशे बारा, बाहेर डोंगरी लोक तीनशे. आता आमच्या धंद्याची रीत अशी की आतल्या प्रत्येकाला चेहरा. गालाला वेगळी छटा, मिशीला वेगळी, डोळ्यात बुबुळ आणि बुबुळात पांढरा कण. बाहेरच्यांना एकच तपकिरी हात मारायचा. डोळे नाहीत. मी विचारले तर मामा म्हणाला, “त्यांना कोण जवळून बघतंय? वेळ जातो.”

मला एका रविवारी राहवेना. भिंगाखाली धरले तर बाहेरच्यांची नाके आमच्या घरातलीच. एकाची तर हुबेहूब मामीची. मी तीनशेच्या तीनशेंना डोळे काढले. अकरा दिवस लागले. सहा वर्षांत तेवढेच अकरा दिवस मला झरोक्याची आठवण झाली नाही.

कप्तान माल न्यायला आले. मी आत श्वास धरून. ट्रेवरचे वर्तमानपत्र सरकल्याचा आवाज आला. मग त्यांचा आवाज आला, जरा बारीक झालेला: “हे सगळे माझ्याकडे का बघताहेत?”

मामा म्हणाला, “चूक झाली. दुरुस्त करून देतो.”

आणि रात्रीच्या जेवणाआधी ट्रे माझ्यापुढे. “बुजव,” मामा म्हणाला. मी म्हटले, “मामा, तू एकदा भिंगातून बघ तरी.” तो म्हणाला, “बघितलंय. म्हणूनच म्हणतोय, बुजव. गिऱ्हाईक गेलं की आपण गेलो.” मी दोनशे नव्याण्णव बुजवले. मामाने ट्रे मोजला नाही. हा राग मी मामाला माफ करत नाही. कोणाच्या नावे लिहून देता येत नाही असे दस्तलेखक म्हणाले, म्हणून बरोबर नेत आहे.

तीनशेवा, डोळ्यांचा, माझ्या उशाच्या डब्यात आहे. तो मामेबहिणीला.

कलम ६. पुस्तक. तो वेढा ज्यात आहे, ते मामाच्या फळीवरचे. शेवटची पाने कसरीने खाल्ली आहेत. किल्ल्यातले पाणी संपते, दारूगोळा संपतो, एक शिपाई तटावर चढून लांब धूळ उडताना बघतो आणि पान संपते. मामा म्हणतो मदत आली. मामी म्हणते ती धूळ गुरांची. मी गेल्यावर कोणाला पूर्ण प्रत सापडली तर मला कळवावे. कुठे, ते मात्र आत्ता सांगता येत नाही.

कलम ७. हे मुख्य. माझ्या टेबलाखाली तीन खोकी आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून. त्यात दोनशे बारा शिपाई, घोडेस्वार, पखालवाले आणि ढोलकरी, पूर्ण रंगवलेले, बुडाला मामाच्या सहीसकट. गेली दोन वर्षे ऑर्डरचे काम आटोपल्यावर आठवड्याला दोन-दोन करत आलो. मामा थोडे थोडे विकेल तर त्याला दोन वर्षे पुरतील. तोवर कोणाला काही कळायचे कारण नाही. मामेबहिणीने एकदा विचारले होते, “एवढी जिवाची तडफड आहे तर जात का नाहीस? दार तर उघडंच असतं.” तिला हेच उत्तर. खोकी भरल्याशिवाय पाय निघत नव्हता. मी गेलो आणि मामाच्या समोर कोणी कुंचला सरकवून म्हटले, जरा काढून दाखवा, तर? तो हात सगळ्यांनी बघावा हे मला सोसणार नाही.

ही तीनही खोकी मी मामाला देत आहे. त्याच्या हाताबद्दल मी कुठेही बोलणार नाही.

दस्तलेखकांनी बजावले आहे की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, नाहीतर त्याला मिळालेले रद्द होते. म्हणून साक्षीला दस्तलेखक स्वतः आणि खालचे इस्त्रीवाले येतील, मंगळवारी पाच वाजता.

पुरवणी, मंगळवार. ते दोघे यायच्या आधीच पुढचे घडले, ते लिहून ठेवणे भाग आहे.

हा कागद मी रंगाच्या ताटलीखाली ठेवला होता. मामीने ताटली धुवायला घेतली. सोमवारी जेवताना तिने तो मामाला पहिल्यापासून वाचून दाखवला. मी समोरच बसलो होतो. ‘मी गेल्यावर’ आले की ती थांबायची, पदराने नाक पुसायची, पुढे वाचायची. शेवटी म्हणाली, “कुणी निघताना ‘जातो’ म्हणतं का रे? ‘येतो’ म्हणतात. एवढं नाही शिकवलं तुझ्या आईनं?” कलम सातवर मामाने हात धुतले आणि तो पुढे जाऊन बसला.

आज दुपारी चारला कप्तान किल्ल्याचा दरवाजा न्यायला आले. मी नेहमीसारखा आत, गुडघे पोटाशी. मामा म्हणाला, “कप्तान, एका कागदावर साक्ष हवी होती तुमची.” आणि पडद्याच्या कडेतून त्याचा डावा हात आत आला, पंजा उघडा. मी कागद दिला. त्या हाताला नाही म्हणायची मला सवय नाही.

“दुसरा साक्षीदार कोण?” कप्तानांनी विचारले.

“मीच,” मामा म्हणाला.

पेनाचे टोपण उघडल्याचा आवाज आला. आणि सहा वर्षांत पहिल्यांदा, दुकानात गिऱ्हाईक असताना, मी बोललो. “मामा, तू सही केलीस तर कलम सात रद्द होतं.”

“वाचलंय मी,” मामा म्हणाला. “मला नकोत ती खोकी.”

मग कागद खडखडायला लागला. मोहरीएवढी सही करायला मला एक श्वास पुरतो. मामाला किती वेळ लागला, मला मोजता आले नाही. मी पडद्याच्या फटीला डोळा लावला. कप्तान त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी काउंटरवरचा एक शिपाई उचलला, उलटा केला, खिशातले भिंग काढून बुडाची सही पाहिली, मग कागदावरची. वजन-मापे तपासणारा माणूस. दोनदा पाहिली.

मग पडद्याकडे बघत म्हणाले, “मांजर किती वर्षांचं आहे?”

“सव्वीस,” मामा म्हणाला.

“मग त्याला बाहेर येऊ दे. लिहिणाऱ्याची सही साक्षीदारांच्या समोर व्हावी लागते.”

मी बाहेर आलो. पायाला मुंग्या आल्या होत्या, काउंटर धरून उभा राहिलो. कप्तानांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. विचारले, डोळे तूच काढले होतेस का. मी हो म्हटले. ते म्हणाले, त्या दिवसापासून नीट झोप नाही. पुन्हा काढून देशील का, निदान पुढच्या रांगेला. मी म्हटले, जहाज आहे. पुस्तकात पुढे काय होते, तेही मी विचारून घेतले. त्यांनाही ठाऊक नाही. त्यांच्या प्रतीलाही कसर लागली आहे. ऑर्डर पुढे चालू ठेवणार की नाही, ते मात्र ते बोलले नाहीत. मामाने विचारले नाही.

मामा मला एवढेच म्हणाला, “खोक्यातल्यांच्या बुडाला तुझं नाव घाल. जमतील तेवढ्यांना निघायच्या आधी घाल. राहतील त्यांना येऊन घाल.”

आत्तापर्यंत सतरांना घातले आहे. पहिल्यावर सवयीने पुन्हा मामाचीच सही झाली, ती पुसली.

कलम सात रद्द. कप्तानांनी सही केल्यामुळे कलम दोनही रद्द, गुंडा मांजराकडेच राहील. बाकीची कलमे कायम. जिथे जिथे ‘मी गेल्यावर’ आहे, ते मामीच्या सांगण्यावरून ‘मी येईपर्यंत’ असे वाचावे. दस्तलेखक म्हणतील याला कायद्यात काही अर्थ नाही.

येतो.

लिहून देणार: सही (स्वतःच्या नावाची)

साक्षीदार १: कप्तान. सही सरळ, खाली रेघ.

साक्षीदार २: मामा. सही वाकडी, ओळ सोडून खाली गेलेली. त्याचीच आहे, मी समोर पाहिली आहे.

ठिकाण: पडद्याची पुढची बाजू.
वार मंगळवार, दुपारचे पावणेपाच.