येसूची पकड

पाली, मार्गशीर्ष शके १८५४

येसूच्या बाबांस,

आंधळ्या पोरीला अंगणाबाहेर सोडू नकोस, असं मुंबईला जाताना तुम्ही बजावलंत. मी सोडली. काल पोरांनी तिला हुतुतूत घेतलं. भावोजींचा रघू चढाईला आला. हुतुतू म्हणायचं थांबला तर तो बाद, म्हणून गप्प राहणं त्याला जमेना, आणि आपल्या येसूला तेवढा आवाज पुरे. तिने त्याची तंगडी अशी धरली की दम सुटला तरी सोडीना.

आज तीच पोरं डोळ्यांना पंचे बांधून तिच्यासारखं खेळायला गेली आणि आपल्याच गड्यांना धरून बसली.

तुमचा नकार यायला नको, म्हणून हे पत्र टाकत नाही. शिमग्याला याल तेव्हा हातात देईन; मग तुम्हीच चढाईला उतरा. पाय सांभाळा.

येसूची आई