एकास त्रेपन्न

खालापूर

प्रिय योगेंद्र,

माझं अक्षर ओळखून कपाळाला आठ्या घालू नकोस, आधी पुरतं वाच. अनुपमला तू एका ओळीत उत्तर पाठवलंस तेव्हापासून मी धुमसते आहे. हा अनुपम कशेळ्याच्या शाळेत शिकवतो आणि आपल्या एकास त्रेपन्न मापात, म्हणजे खऱ्याच्या त्रेपन्नाव्या हिश्श्याएवढ्या आगगाड्या बनवणाऱ्या अकरा जणांतला एक आहे. हो, अकरा झालेत! त्यांच्यासाठी तो या मापाचा इतिहास छापतो आहे. आणि तू त्याला कळवतोस, माप मी चुकवलं, माझं नाव घालू नका. तुझ्या नावाशिवाय मी तो इतिहास छापू देणार नाही, एवढंच सांगायला बसले होते. पण पेन हातात धरल्यावर मागचं सगळं आठवायला लागलं.

एकोणनव्वद साली तुझ्या डोक्यात ते इंजिन शिरलं. लोक गाडीच्या पुढचं इंजिन बघतात. तुला कर्जतला मागून जोडतात ती, घाटात गाडी ढकलणारी बँकर इंजिनं आवडायची. पुस्तकातली मापं घ्यायची नाहीत, सगळं स्वतः मोजायचं, हा तुझा हट्ट. तुझे मामा रेल्वेत, त्यामुळे यार्डातल्या इंजिनापर्यंत तुला जाता यायचं. टेप मात्र आमची, खालापूरच्या शिंप्याची. दर रविवारी सकाळी एसटीने टेप न्यायला यायचास आणि संध्याकाळी परत द्यायला, कारण दिवेलागणीनंतर शिंप्याची टेप दुसऱ्याच्या घरी राहू नये असा आमच्याकडे नियम होता. आबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "आरं, इंजिनाला झगा शिवतोस का काय रं?" मग आपण कापड बेतायच्या टेबलाशी बसून एकेक आकडा पन्नासने भागायचो. पन्नास का, तर भागायला सोपं. आबांच्या कात्रीने पुठ्ठा कापला म्हणून मी किती बोलणी खाल्ली! तुझ्या बोटांना चिकटलेला डिंकसुद्धा मला आठवतो.

मग ते पुण्याचं प्रदर्शन. त्या गृहस्थांनी खिशातून पोलादी पट्टी काढली, आपल्या रुळांमधलं अंतर मोजलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, एकास पन्नासला साडेतेहतीस मिलिमीटर हवेत, तुमचे साडेएकतीस आहेत. हे एकास त्रेपन्न झालंय. लोक हसले. तू इंजिन पिशवीत घातलंस. दोन महिन्यांत बडोद्याची नोकरी धरलीस. मी मात्र ते माप सोडलं नाही. त्याच मापात एकेक डबा करत राहिले, प्रदर्शनांना नेत राहिले, हसणाऱ्यांना हसू दिलं. एकदा नाशिकच्या एकाने आराखडे मागितले, मग त्याच्या मित्राने. त्रेपन्नात बाजारात काहीच तयार मिळत नाही, चाकापासून सगळं हातानेच करावं लागतं, त्याचीच या वेड्यांना गोडी लागली. मी लग्न केलं नाही हे छायाने तुला सांगितलंच असेल. तुझ्या बहिणीच्या पोटात काही राहतं का? तूही एकटाच आहेस, हे मला तिच्याकडूनच कळलं. फुशारू नकोस, सगळंच काही तुझ्यामुळे नाही. पण बरंचसं तुझ्यामुळेच. तुझी फार आठवण येते रे.

आता खरं ते लिहिते. चूक तुझी नव्हती. आबांची कामाची टेप त्यांच्या गळ्यात असायची. तुला मी द्यायचे ती खिळ्यावरची जुनी, वर्षानुवर्षं ओढून ताणलेली. मीटरमागे सहा सेंटिमीटर, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक माप तेवढं कमीच भरायचं. तिसऱ्याच रविवारी मी ती फूटपट्टीला लावून पाहिली होती. सांगितलं असतं तर तू दुसरी टेप आणली असतीस आणि आमच्या दाराशी यायचं तुला कारण उरलं नसतं, म्हणून गप्प बसले. दिवेलागणीचा नियमही आबांचा नव्हे, माझाच. पुण्यात लोक तुला हसत होते तेव्हाही मी तोंड उघडलं नाही, याची मला आजही लाज वाटते. अनुपमला हे सगळं छापायला सांगितलं आहे, तुझ्या नावासकट. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. फक्त एक सांग. तसली टेप कर्जत स्टेशनबाहेर कुठल्याही दुकानात मिळायची. दोन वर्षं दर रविवारी तू दोन-दोन खेपा घातल्यास. एकदाही विकत का घेतली नाहीस?

तुझीच,
विनिता