तुझ्या खिशातले सहा आकडे

संघपालदादा, जयभीम.

मी करमाडला कंपनीत पॅकिंगला जाते आणि घरी बसून बी.ए. करते. शिष्यवृत्ती मिळाली नाय तर शिक्षण सुटलं. अर्जाची आज शेवटची तारीख हाय.

अर्जाला ओटीपी लागतो, आणि माझ्या आधारला नंबर तुझा हाय. पैठणच्या आधार कॅम्पात माझ्याकडं मोबाईल नव्हता, तेव्हा तूच म्हणाला होतास, "माझा टाका, बहीण काय परकी हाय का?" आता नंबर बदलायला आठ दिवस लागतात म्हणं.

कृष्णासंग लग्न केलं तेव्हा तू म्हणलास, मला मेलीस तू. माझा नंबर ब्लॉक केलास. दुसऱ्याच्या फोनवरून लावला तर आवाज ऐकून कट करतोस. हे पत्र टाकलं तरी आज पोचायचं नाय.

पण सरकारचा मेसेज तुला थांबवता येत नाय. म्हणून सकाळपासून ओटीपीचं बटण दाबतेय. दर वेळी तुझ्या खिशात माझे सहा आकडे वाजतात. तेवढे पाठव, दादा. बोलू नकोस.

साईट म्हणतेय, आता एकदाच दाबता येईल. दाबते. वाजलं की बघ तरी.

तुला मेलेली, पण अजून शिकणारी,
विशाखा